भडंगवर पाळत

डोळा लागू द्यायचा नाही, असं पद्मजानं स्वतःला तीनदा बजावलं आहे. दुपारचे अडीच वाजलेत. जयसिंगपूरच्या घरात, बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात तिनं चटई टाकली आहे आणि भडंगचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बांधला आहे. भडंग म्हणजे चार महिन्यांचं पॉमेरेनियन पिल्लू, तांबूस, ओंजळीत मावेल एवढं. आज ते रंगेहाथ सापडायला हवं. ते, नाहीतर दुसरं कुणीतरी.

तीन आठवडे तिनं चिकाटीनं शिकवलंय. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, शिवाय दर दोन तासांनी त्याला मागच्या अंगणात पेरूखाली न्यायचं. झालं की लगेच शाबासकी आणि बिस्किटाचा तुकडा. घरात चुकलं तर मारायचं नाही, नाक घासायचं नाही. पिल्लू आता स्वतःहून दार खरवडतं. तरी रोज दुपारी बोळात हे एवढं तळं साचतं, आणि सासूबाई खोलीतूनच सांगतात, "तुझ्या कुत्र्यानं आजपण केलं बघ."

तिचा नवरा, अभिनंदन, म्हणालाय, रविवारपर्यंत बघतो, मग ज्याचं त्याला परत.

पद्मजाचा संशय वेगळाच आहे. परवा तिनं सासूबाईंना (ती त्यांना आत्याबाई म्हणते) बोळात तांब्या घेऊन उभं असलेलं पाहिलं. कुत्रं घरात नको असलं की माणूस काय करेल, सांगता येत नाही.

पंख्याची घरघर हळूहळू लांब जाते. कुणीतरी दाराशी चपला काढतं.

"दार उघडं टाकून झोपतीस व्हय गं?"

मामंजी. तिचे सासरे, भूपाल मगदूम. गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते, जाऊन दीड वर्ष झालं. तोच पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. गेलेल्या माणसाला स्वप्नात ओ देऊ नये, असं पद्मजाची आई सांगायची. पण तोंडातून निघून जातं.

"झोपले नाही. पाळत ठेवलीय."

"कुणावर?"

"भडंगवर."

"खोटं बोलतीस."

ती पट्टा घट्ट धरते. "तुम्ही का आलाय? कुणाला न्यायला तर नाही?"

मामंजी पुढे चालू लागतात. बोळ संपतच नाही. भिंतींना दवाखान्याचा हिरवा रंग चढलाय. बाकावर दोन म्हशी नंबर लागायची वाट बघत बसल्यात, माणसांसारख्या पाय खाली सोडून. मामंजी भडंगला उचलून काट्यावर ठेवतात.

"दीड किलो. याच्या पोटात पाणी किती मावंल?"

"अर्धी वाटी."

"आणि तू रोज पुसतीस ते?"

पद्मजा आठवून बघते. दोन फडकी भिजतात, बादलीत पिळावी लागतात. इतके दिवस हे तिच्या डोक्यातच आलेलं नाही. "म्हणजे कुणीतरी पाणी ओततंय. तांब्यानं. मी बघितलंय."

"ओतताना बघितलंस, का धुताना?"

म्हशी मान वळवून तिच्याकडे बघतात.

आता ते नदीच्या घाटावर बसलेत. काटा नाही, दवाखाना नाही. पायाशी कृष्णेचं पाणी हलतंय आणि भडंग मामंजींच्या मांडीवर जांभया देतोय.

"गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं तिला खोलीतनं बाथरूमपर्यंत जायला किती वेळ लागतो, बघितलायस?"

"त्या काही बोलल्या नाहीत."

"पिल्लू तरी कुठं बोलतंय? त्याचं ओळखतीस की."

"त्यांची बाजू घ्यायलाच आलाय तुम्ही."

"व्हय, त्यालाच आलोय," मामंजी शांतपणे म्हणतात. "पिल्लाला दर दोन तासानं तू न्हेतीस. तिला कोण न्हेतंय?"

पाणी एक पायरी वर चढतं. तिच्या ओढणीचं टोक त्यात बुडतं. ती ते गोळा करायला जाते आणि थबकते. पाणी कोमट आहे. नदीचं पाणी असं कोमट कसं?

ती डोळे उघडते. बोळ, पंखा, चटई. भडंग तिच्या पोटाशी मुटकुळं करून गाढ झोपलाय, पट्ट्याचे दोन्ही वेढे मनगटावर तसेच. ओढणीचं टोक फरशीवर पडलंय आणि भिजलंय. भिंतीला धरून आत्याबाई उभ्या आहेत, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"कुत्र्यानं..." त्या म्हणतात. मग त्यांची नजर पट्ट्यावर जाते आणि त्या थांबतात.

पद्मजाला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही. ती उठते, त्यांच्या हातातून तांब्या घेते.

"फरशीचं मी बघते. तुम्ही आधी लुगडं बदला."

आत्याबाई हलत नाहीत. "दोन महिने झाले. कळायच्या आधीच होतंय. पाय उचलत नाही पटकन."

"आपण डॉक्टरांकडे जाऊ. आणि इथं भिंतीला धरायला दांडी बसवून घेऊ. तोवर दर दोन तासांनी मी हाक मारीन, तुम्ही यायचं."

"अभिनंदनला सांगशील?"

"नाही."

आत्याबाई खाली बघतात. भडंग जागा झालाय, त्यांचा अंगठा हुंगतोय. त्या पाय मागे घेत नाहीत.

"उगीच आळ घेतला याच्यावर," त्या म्हणतात. मग आवाज नेहमीसारखा करून म्हणतात, "अभिनंदनला मी सांगते. कुत्रं कुठं जायचं नाही म्हणून."

"का म्हणून विचारतील ते."

"विचारू दे. आई आहे मी त्याची."

पद्मजा खांदा पुढे करते. आत्याबाई त्यावर हात ठेवतात, सगळा भार देऊन. दोघी बाथरूमकडे निघतात, पावलापावलानं, आणि ओढणीचं ओलं टोक पद्मजाच्या पोटरीला चिकटतं, आता गार पडू लागलेलं.