शेवंतीताईंनी बनवलेलं जग

जग कसं निर्माण झालं हे विक्रोळीत विचारायचं असेल तर शेवंती परुळेकरांना विचारावं. शाळेत विचारलं तर एक मोठा स्फोट झाला असं सांगतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. शेवंतीताई आधी तुमच्या हातातला चहाचा कप काढून घेतात. चहा तोंडात असताना ही गोष्ट ऐकणाऱ्यांनी आजवर बरेच शर्ट खराब केलेत, असा त्यांचा अनुभव आहे. मग त्या पदर खोचतात, गाल फुगवतात, डोळे गरगर फिरवतात, आणि साठी उलटलेली बाई बघता बघता अंड्यात अडकलेला राक्षस होते.

मी त्यांचा शेजारी, सुबोध. आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळात निवेदन माझ्याकडे असतं, कारण माझा आवाज मोठा आहे आणि गप्प बसणं मला जमत नाही. लोक म्हणतात मी तापट आहे. मंडळाच्या बैठकीला एकदा येऊन बसा आणि मग बोला.

ताईंनी उमेदीची सारी वर्षं अंधेरीच्या एका कार्टून कंपनीत घालवली. काम परदेशातून यायचं. पहिलं चित्र मोठा कलाकार काढायचा, शेवटचं चित्रही तोच काढायचा, आणि त्या दोघांच्या मधली सगळी चित्रं ताईंच्या टेबलावर. पहिल्या चित्रात मांजर कड्यावर उभं, शेवटच्या चित्रात ते जमिनीवर चपटं झालेलं. मधलं सगळं पडणं ताईंचं. अशी किती मांजरं त्यांनी पाडली, देव जाणे. चित्रं विमानात बसून जायची ती जायचीच. घरी टीव्हीवर ते कार्टून लागलं की ताई धावत पुढे जायच्या, आणि मुलगा ओरडायचा, “आई, बाजूला हो ना, दिसत नाहीये!”

“माझ्या चित्रांवर लोक हसले असतीलच ना रे?” त्या मला एकदा म्हणाल्या. “पण हसताना एक माणूस मी बघितला नाही. एकदा बघायचंय. बस.”

हे त्या हसत हसत बोलल्या, पण मला मात्र ते लागलं.

कंपनी बंद पडल्यावर ताईंना नाद लागला तो जगाच्या जन्मकथांचा. फोनवर शोधून शोधून त्यांनी देशोदेशीच्या गोष्टी जमवल्या आणि चाळीच्या गॅलरीत सांगायला सुरुवात केली. नियम एकच, प्रत्येक देशाची गोष्ट वेगळ्या जातीच्या कार्टूनमध्ये.

चीनची गोष्ट अगदी जुन्या, काळ्या-पांढऱ्या कार्टूनमधली. त्यात कुणाला कोपर नसतं, गुडघा नसतो, हातपाय म्हणजे गॅसची नळी, आणि ढगांपासून दगडांपर्यंत सगळे ठेक्यावर वरखाली होत असतात. अंड्यात राक्षस घोरतोय. श्वास घेतला की अंडं फुगतं, सोडला की आकसतं. जाग येते, तो उठायला जातो, डोकं कवचावर आपटतं, ठण्ण! मूळ गोष्टीत राक्षस मरतो आणि त्याच्या अंगाचे डोंगर होतात. ताई म्हणतात, “मारायचा कशाला बिचाऱ्याला? टेंगूळ येऊ दे.” मग टेंगूळ येतं, वाढतं, आणखी वाढतं, त्यावर बर्फ पडतो आणि डोंगर तयार.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या गोष्टीत आभाळबाबा आणि धरतीआई एकमेकांना इतके घट्ट बिलगलेले, की मध्ये पोरं चेंगरलेली. ही गोष्ट धडाधडीच्या कार्टूनमध्ये. एक पोरगा आभाळाला शिडी लावतो, तर शिडीच आईच्या पोटात घुसते. दुसरा स्प्रिंगवरून उडी मारतो, आभाळावर आपटतो आणि पापड होऊन खाली येतो. तिसरा सुरुंग लावतो आणि वात विझली की काय म्हणून वाकून बघतो. धडाम! तोंड काळंकुट्ट, फक्त डोळे मिचमिचतायत. शेवटी एक शहाणा उताणा झोपतो, पाय वर करतो आणि बापाला ढकलून देतो.

आणि अमेरिकेच्या मूळच्या लोकांची गोष्ट स्वस्तातल्या टीव्ही कार्टूनमध्ये, जिथे पळणाऱ्याच्या मागून तेच झाड, तेच घर, परत तेच झाड जात राहतं. सगळीकडे पाणी. तळातून चिखल आणायचाय. मोठमोठे प्राणी बुडी मारतात, मागून तोच मासा, तोच दगड, परत तोच मासा, आणि सगळे रिकाम्या हाताने वर. शेवटी एक इवलासा पाणउंदीर मुठीत चिमूटभर चिखल आणतो, तो कासवाच्या पाठीवर ठेवतात आणि त्याची जमीन होते.

गेल्या वर्षी मीच म्हटलं, ताई, गणपतीत याचा हलता देखावा करूया. त्यांचे डोळे असे चमकले, की मागे हटायची सोयच राहिली नाही.

आमचे अध्यक्ष चंद्रप्रकाश यांनी त्याआधीच कापडाचा रेडीमेड हिमालय बघून ठेवला होता. हा माणूस स्वतःच्या मुलीच्या बारशालासुद्धा भाषण करून आला.

“देवासमोर कार्टून?” ते बैठकीत म्हणाले. “आणि आपल्याकडे ब्रह्मदेव असताना चीन कशाला?”

“अरे चंदू, ब्रह्मदेवाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे,” ताई म्हणाल्या. “घरी पाहुणा आला की आपणच बोलत बसतो का? त्याचंही ऐकतो ना?”

“तरी पण गणपतीशी काय संबंध?”

“उंदीर आहे.”

“उंदीर?” अध्यक्ष सावरून बसले.

“पाणउंदीर. पृथ्वी त्यानेच आणली.”

“म्हणजे वाहनानेच आणली म्हणा ना!” कुणीतरी मागून ओरडलं, आणि बैठकीत एकदम भक्तिभाव पसरला. अध्यक्षांची पंचाईत झाली. त्यांनी मग हुकमाचा पत्ता काढला. पहिल्या संध्याकाळी रामचंद्रकाका बघतील. काका नको म्हणाले तर देखावा लगेच खाली आणि हिमालय वर.

रामचंद्रकाका मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. कोकणातून आले, गिरणीत राबले, गिरणी बंद पडली तेव्हापासून दारात खुर्ची टाकून बसलेत. काका हसलेले चाळीत कुणी पाहिले नाहीत. लग्नाच्या फोटोतही ते फोटोग्राफरवर चिडलेले दिसतात. ताईंनी अट ऐकली आणि म्हणाल्या, “चालेल.”

मग काय ती धमाल! ताईंनी प्लायवूडवर चित्रं काढली, या वेळी पहिलं, शेवटचं आणि मधलंही. आभाळबाबाला झुपकेदार मिशा दिल्या. तो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जड. आमचा इलेक्ट्रिशियन सिद्धेश याने एक लांब लाकडी रूळ केला, त्यावर खुंट्या ठोकल्या. रूळ फिरला की खुंट्या एकामागून एक दोऱ्या ओढणार आणि चित्रं आपापल्या वेळेला हलणार. रूळ फिरवायला गाडीच्या वायपरची मोटर आणि तिला रिक्षाची जुनी बॅटरी. सकाळी चाचणी झाली तेव्हा राक्षसाला टेंगूळ आलं, आभाळ वर गेलं, उंदराने चिखल आणला. झकास! अध्यक्ष म्हणाले, मूर्ती मंडपात येताना जग अर्धवट नको, पूर्ण झालेलं दिसू दे. म्हणून यंत्र शेवटच्या चित्रावर थांबवून ठेवलं.

आणि मग आम्ही यंत्राची पूजा केली.

आमच्यात मिक्सरसुद्धा हळदकुंकवाशिवाय सुरू होत नाही. अध्यक्ष म्हणाले, सगळा जीव त्या बॅटरीत आहे, तिची नीट करा. शॉक नको म्हणून सिद्धेशने वायरी काढल्या. बॅटरी पुसली, हळदकुंकू सढळ हाताने लावलं, झेंडूचा हार घातला. नंतर वायरी परत लावायला गेला, तर बेरीज-वजाबाकीच्या खुणा नेमक्या कुंकवाखाली गेलेल्या, आणि वायरी रोषणाईतून उरलेल्या, दोन्ही पिवळ्या. कुंकू पुसायचं कसं? अपशकुन! त्याने बाप्पाचं नाव घेतलं आणि वायरी जोडल्या. उलट्या जोडल्या. मोटर आता उलटी फिरणार होती, आणि हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी आरतीनंतर मंडप गच्च भरला. पहिल्या रांगेत पोरं, मध्ये खुर्चीवर रामचंद्रकाका. ताईंना खरं तर समोर उभं राहून लोकांचे चेहरे बघायचे होते, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पण दोऱ्या गुंतल्या तर सोडवणार कोण? म्हणून त्या देखाव्याच्या मागे गेल्या. “हसल्याचा आवाज तरी ऐकू येईल,” मला म्हणाल्या.

मी माइक हातात घेतला. “सुरुवातीला काहीच नव्हतं!”

पडदा उघडला. मागे सूर्य, डोंगर, झाडं, कासव, जमीन, सगळं होतं. बटण दाबल्याबरोबर काळं कापड पडून अंडं दिसायला हवं होतं. त्याऐवजी उंदराने कासवाच्या पाठीवरचा चिखल उचलला, मुठीत घेतला आणि पायांकडून पाण्यात गेला.

“आणि... उंदराचा विचार बदलला!” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पोरं खिदळली. मागून तोच मासा उलटा गेला, तोच दगड, परत तोच मासा. मोठे प्राणी शेपटीकडून वर आले. मागून ताईंचा आवाज, “सिद्धेश! वाट लागली! थांबव!” सिद्धेश बॅटरीकडे धावला, तर हाराचा दोरा बॅटरीच्या टोकांना गुंडाळलेला, वायर निघेना.

पुढची गोष्टही शेवटाकडूनच सुरू झाली. आभाळबाबा मिशांसकट हळूहळू खाली यायला लागले. काळ्या तोंडाच्या पोराकडे धूर परत गेला, तोंड स्वच्छ झालं आणि ते आनंदाने वातीकडे वाकलं. जमिनीवरचा पापड उडून आभाळाला चिकटला आणि पोरगा झाला. मी काय बरळत होतो ते मलाच आठवत नाही. तेवढ्यात कडकन आवाज झाला, आभाळाची खुंटी तुटली आणि अख्खं प्लायवूड पुढे, पहिल्या रांगेतल्या पोरांच्या दिशेने कलंडलं.

धरतीआईच्या मागून शेवंतीताई रांगत पुढे आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांवर आभाळ झेललं. केसांत कापसाचे ढग, कपाळभर कुंकू, गळ्यात दोऱ्या. पोरं मागे सरकली. मग एकेक करून सगळ्या माना रामचंद्रकाकांकडे वळल्या.

काकांनी चष्मा सारखा केला. आधी आभाळाकडे बघितलं, मग ताईंकडे.

“गो शेवंते,” ते म्हणाले, “जग खय गेला?”

“हयच आसा काका!” ताई आभाळाखालून ओरडल्या. “मिया धरलंय!”

काकांचा खालचा ओठ थरथरला. मग खांदे हलायला लागले. मग तोंडातून एक असा आवाज आला, की मला वाटलं, डॉक्टरला बोलवावं लागतंय. काका हसत होते. मांडीवर थापा मारत, खोकत, डोळे पुसत, “धरलंय म्हणता!” असं शेजारच्याला सांगत हसत होते. ते बघून बायका हसल्या, बायकांना बघून पोरं लोळली, आणि माझ्या हातातला माइक चालू असल्यामुळे माझं हसणं थेट हायवेपर्यंत गेलं. हसणं थांबायचं नावच घेईना.

चंद्रप्रकाश वाकून काकांच्या कानाशी गेले. “काका, मग हिमालय लावायचा ना?”

“हिमालय घाल तुझ्या डोक्यार!” काका म्हणाले आणि परत हसायला लागले.

एव्हाना सिद्धेशने दोरा तोडून मोटर बंद केली होती. त्याने एक बांबू आणला आणि आभाळाखाली भक्कम टेकू दिला. “ताई, सोडा आता. काही पडत नाही.”

ताईंनी हात सोडले नाहीत. त्या समोर बघत होत्या, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, एकेक चेहरा, सावकाश. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

“ताई, हात दुखतील हां,” मी जवळ जाऊन म्हणालो.

“थांब रे मेल्या,” त्या म्हणाल्या. “जरा बघू दे.”