तिसरी पुडी

विनू गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुणाच्या तरी 'शुभ सकाळ'च्या झेंडूखाली कळलं. बिबवेवाडीतल्या माझ्या पीठगिरणीत उभा होतो, चक्की चालू होती, आणि आधी मनात काय यावं? ...सुटलो. हो, हेच आलं. दीड महिना झाला, तो शब्द घशाखाली उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही कर्वेनगरच्या कॉलेजात एका बाकावरचे. मी पुढे वडिलांची गिरणी धरली आणि विनू धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागला. परदेशी जाणाऱ्या मालात जनुक बदललेल्या पिकाचा अंश आहे का, हे शोधायचं त्याचं काम. प्रत्येक नमुन्याच्या तीन पुड्या करायच्या. एक तपासायची, एक मालवाल्याला द्यायची, तिसरी लाखेनं बंद करून ठेवायची. त्या सीलच्या कागदावर त्याची नि मालवाल्याची, अशा दोघांच्या सह्या. पुढे वाद झालाच, तर दोघांच्या समक्षच ती फोडायची. मित्र म्हणून सूट? छे! माझी सही जरा सीलच्या बाहेर गेली, तर त्या शहाण्यानं कागद फाडून पुन्हा करायला लावली होती.

माझ्या ज्वारीच्या पिठाला परदेशातून पहिलीच ऑर्डर आली, तेव्हा नमुना अर्थातच त्याच्याकडे दिला. पाकिटं छापून तयार, घरात पेढे वाटून झालेले. आणि अहवालात काय, तर जनुक बदललेल्या कपाशीचा किंचित अंश! ज्वारीत कपाशी! एका देशाला तेवढा चालतो, दुसऱ्याला अजिबात चालत नाही, आणि माझं गिऱ्हाईक नेमकं त्या दुसऱ्या देशातलं. मी तडक प्रयोगशाळेत गेलो.

"अरे, अख्खं पुणं सरकीच्या तेलातलं फरसाण खाऊन वाढलंय. कोण मेलं?"

"कोणी नाही. दे दोन पाकिटं, आज रात्री भाकरी करून खातो."

"मग तसं लिहून दे ना!"

"खाणं माझ्या हातात आहे रे. लिहिणं नाही."

त्यावर मी त्याच्या हाताखालच्या पोरींसमोर ओरडलो, की घाण तुझ्याच टेबलावरची आहे, बाकी काही नाही. तो एवढंच म्हणाला, "तिसरी पुडी आहे ना. दुसऱ्या प्रयोगशाळेत उघडू, तू नि मी." मी चार दिवसांत येतो म्हणालो.

तिसऱ्याच दिवशी गोदामात आमच्या नामदेव हमालाला सहज विचारलं. "पोती कमी पडली व्हती न्हवं का, सरकीवाल्याकडचं जुनं बारदान आनलं. तुमीच तर म्हनला, झटकून भरा." म्हणालो होतो खरा. आमच्या धंद्यात बारदान झटकलं की नवं होतं! सरकी म्हणजे कपाशीचं बी. पोत्याच्या धाग्यात अडकलेली तिची भुकटी माझ्या ज्वारीत उतरली होती. चोर मीच होतो आणि उलट्या बोंबाही मीच मारून आलो होतो. ऑर्डर गेली. ते एक वेळ चाललं असतं. पण आता विनूला सांगायचं कसं? सांगितलं तर तोंड काळं, न सांगावं तर तो दर भेटीत विचारणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी मूग गिळून बसलो, तो सहा वर्षं.

विनूची अवस्था तरी कुठे वेगळी होती! सगळ्या देशांचा नियम एक व्हावा, मर्यादा एक, तपासायची पद्धत एक, कागद एक, यासाठीच्या कुठल्याशा समितीवर त्याला घेतलं होतं. तिच्या बैठकांना कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बसायचा. एक देश म्हणे शून्यच हवं, दुसरा म्हणे थोडं असू दे, तिसऱ्याचा अजून अभ्यास चालू. "पीठ तेच रे," म्हणायचा, "बंदर बदललं की ते विषारी होतं. मला ते पटत नाही, आणि सही मलाच करावी लागते." निवृत्त झाला तेव्हा मुदत संपलेली माझी पुडी रीतसर लिहून देऊन घरी घेऊन आला. फ्रिजमध्ये लोणच्यामागे ठेवली. सुनंदावहिनी मला म्हणाल्या होत्या, "अहो, आमच्याकडे पाहुणे आले की जातात. तुमची पुडी तेवढी मुक्कामाला आहे."

शेवटचा भेटला तो वारज्यात, औषधांच्या दुकानात. खूप वाळला होता. "पुडी अजून आहे हं," म्हणाला आणि हसला. मी म्हणालो, "दिवाळीनंतर बघू."

दिवस झाल्यावर वहिनींचा फोन आला. "तिच्यावर तुमची सही आहे, म्हणून टाकवेना." गेलो. पुडीबरोबर त्यांनी त्याच्या समितीच्या मसुद्याचे कागदही पुढे केले, "यातलं तुम्हाला काही कळतंय का बघा." बरंचसं कळलं नाही. एका पानावर मात्र समासात त्याच्या अक्षरात होतं : 'धान्य भरण्यापूर्वी बारदानात आधी काय होतं, याची नोंद सक्तीची करावी. विशेषतः सरकी.' शाई जुनी होती. माझं नाव कुठेच नव्हतं. त्याला माहीत होतं... मग दर वेळी पुडी-पुडी करत तो कशाची वाट बघत होता, हे कळायला मला त्याचं मरण लागलं. वहिनींसमोर रडलो. बारदानाचं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग?"

पुडी आता आमच्या फ्रिजमध्ये आहे. परवा सूनबाईंनी विचारलं, "बाबा, हे जुनं पीठ टाकू का?" नको म्हणालो. फोडायची तर दोघांच्या समक्ष, असं तिच्यावर लिहिलंय, आणि खाली माझी सही अगदी सीलच्या आत आहे.