माझ्या नावावरचं कर्ज आईनं कसं फेडलं

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. पनवेलच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि न्हावा शेव्याच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला लागले. आई पनवेलच्या बाजारात म्हावरं, म्हणजे मासळी, विकायची. तिनं टोपलीशेजारी पेढ्यांचा बॉक्स ठेवून दिवसभर गिऱ्हाइकांना पेढे वाटले. पण माझ्या डिग्रीचा घराला पहिला मोठा उपयोग झाला तो कर्ज काढायला. दादाचं लग्न ठरलं तेव्हा बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. बँकेला पगाराची स्लिप हवी होती आणि ती घरात फक्त माझ्याकडे होती. दीड लाख मिळाले, चार वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे.

ते पैसे लग्नाला लागले असं म्हणणं खोटं होईल. ते हळदीला लागले. आम्हा कोळ्यांत लग्न एक वेळ साधं चालतं, पण आदल्या संध्याकाळची हळद दणक्यात व्हावी लागते. मांडव, बँड, मटण, येईल त्याला जेवण. पंगतीत बसलेला माणूस कोणाचा कोण, हे घरच्यांनाही ठाऊक नसतं. दादाची हळद तशीच झाली आणि मीही मनसोक्त नाचले.

मग दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता सुरू झाला. हप्ता साडेचार हजारांच्या आसपास, माझा पगार सात. ठरलं असं, की अर्धा हप्ता माझा, अर्धा आईचा, आणि दादानं घर चालवायचं. पहिले काही महिने सुरळीत गेले. मग एकदा चेक परत आला.

आई पैसे द्यायला चुकली नव्हती. तिनं ते तिच्या हिशेबानं वेळेवरच दिले होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, जाळी भरून येतात. मधल्या दिवसांत भांग. पाणी मंदावतं, म्हावरं कमी आणि महाग. आईच्या हातात पैसा येई तो उधाणाला. सुरुवातीला उधाण पाच तारखेच्या आधी पडत होतं, म्हणून सगळं जुळत होतं. तिथी सरकत गेल्या आणि एका महिन्यात पाच तारीख भर भांगात आली.

"आई, पाच म्हणजे पाच तारीख!" मी ओरडले.

"आगो, भांगात पैसं कुठनं आनू? त्या बँकवाल्याला सांग, दोन दिस थांब, उधान येऊ दे."

"बँकेला उधाण कळत नाही."

"मग येवढी मोठी बँक चालवतात तरी कशी?"

मला हसू आलं. पण चेक परत गेल्याचा दंड किती, ते सांगितल्यावर ती हसली नाही. तेवढ्या पैशासाठी तिला दोन दिवस उन्हात बसावं लागे. "परत नाय व्हनार," एवढंच म्हणाली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आम्ही जमिनीवर पसरलं. मी प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला गोल केला, तिनं उधाणाचे दिवस दाखवले. प्रत्येक हप्त्याचे पैसे त्याच्या आधीच्या उधाणाला बाजूला काढायचे, असं ठरलं. त्यानंतर आमचा एकही चेक परत आला नाही. माझी आई चौथी शिकलेली. मी पुष्कळ शिकलेली माणसं बघितली आहेत, पण एकदा बोललेल्या शब्दाला इतकं जागणारं माणूस दुसरं बघितलं नाही.

दीड वर्ष गेलं आणि मला स्थळ आलं. मुलगा उरणकडचा, बंदरावर नोकरीला. दोन्हीकडून पसंती झाली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न करू, म्हणाले. कर्ज फिटायला तर अजून अडीच वर्षं होती.

"मी भरत राहीन ना पगारातून," मी म्हटलं.

"नाय," आई म्हणाली. "पयल्याच पगारातनं म्हायेरचा हप्ता गेला, तर त्या घरात तू मान वर करून बोलशील? कोन काय बोलनार नाय, पन तुलाच लागेल. कर्ज घेऊन माजी पोर सासरी जायची नाय."

मी बँकेत जाऊन विचारून आले. थोडे-थोडे जास्त भरता येणार नव्हते, पण थोडा दंड भरून बाकी रक्कम एकदम चुकती करता येत होती. म्हणजे हप्ता चालू ठेवायचा आणि शेजारी दुसरा गल्ला भरायचा. मी महिन्यांचं गणित मांडलं. नारळी पौर्णिमेला होड्या सुटल्या तरी श्रावण संपेपर्यंत नावापुरतं, मग मोठं लक्ष्य, मार्गशीर्षात गुरुवार धरून कमी. पावसाळ्यात मासेमारी बंद, तेव्हा सुक्या म्हावऱ्यावर फक्त हप्ता निघाला तरी पुरे. आईनं ऐकून घेतलं आणि माझ्या आकड्यांचं आपलं भाषांतर केलं. रोज एक टोपली बँकेची. तिचे पैसे संध्याकाळी बाजारात फिरणाऱ्या पतपेढीच्या पिग्मी एजंटच्या हातात, घरी आणायचेच नाहीत.

त्या टोपलीवर ती घासाघीस करू देत नसे. कॉलनीतली एक बाई नेहमी भाव पाडून मागायची.

"मावशी, पन्नास लावा ना."

"त्या टोपलीतनं घे. ही बँकेची हाय."

"बँक पापलेट खाते का हो?"

"बँक सगलं खाते बाय. काटं पन टाकत नाय."

बाजार हसायचा आणि बाई पूर्ण पैसे द्यायची.

मी सिक्स सीटर रिक्षा सोडून स्टँडपर्यंत चालू लागले. वहिनीला घरात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, कर्ज तिच्या नवऱ्याच्या हळदीचं. पण ती चिडली नाही. मेमध्ये वाळवलेले सोडे आणि सुकट घेऊन तळोज्याच्या नव्या बिल्डिंगींत दारोदार गेली. एका महिन्यात आई तापानं पडली आणि लक्ष्य साफ हुकलं. मी वैतागले. आई अंथरुणातून म्हणाली, "हुकलं तं हुकलं. पुढच्या म्हयन्यात दोन टोपल्या." आणि खरंच दोन केल्या.

खरी परीक्षा आली ती माझ्या हळदीची. लग्न दोन महिन्यांवर होतं, गल्ला जवळजवळ भरला होता. त्यातून कर्ज फिटत होतं, पण मोठी हळद निघत नव्हती. त्यातच बँकेतून माझ्या नावानं आलेला फोन दादानं घेतला, जुन्या कर्जावर आणखी मिळेल म्हणून. दादा म्हणाला, "माझी एवढी केली, हिची साधी कशी करायची? घेऊया." त्याच्या मनात वाईट नव्हतं. भावकीतली काकी तर घरी येऊन बसली.

"पोरगी शिकलेली, कमावती. तिच्या हळदीला बँड नाय? लोकं काय म्हनतील?"

"लोकं मटन खाऊन गेली तवा काय म्हनाली?" आईनं विचारलं. "दुसऱ्या दिशी हप्ता भरायला कोन आलवता गो?"

"आपली रीत हाय ती."

"रीत धवलं गायची हाय, हलद लावायची हाय. ती करनार. बँड आपल्या आज्याच्या हलदीला व्हता काय?"

काकी पदर झटकून उठली. दादानं बँकेला नको म्हणून सांगितलं.

बँकेत जायच्या दिवशी आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, सोन्याच्या कुड्या घातल्या, अंबाड्यात अबोलीची वेणी माळली. कर्ज फिटल्याचा कागद साहेबांनी माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, हिच्या हातात द्या. आईनं तो वरून खालपर्यंत बघितला, मला मोठ्यानं वाचायला लावला, मग साहेबांना विचारलं, "आता पोरीकडं कायपन नाय ना?"

"काही नाही, आजी."

"आजी नाय. मावशी."

हळद उधाणाच्या दिवसांत धरली, म्हावरं स्वस्त असताना. धवलारीण येऊन मांडवात लग्नाचे धवले गायली. जवळची माणसं कोलंबीचं कालवण आणि भाकरी जेवली. काकी आली, दोनदा कालवण वाढून घेतलं आणि जाताना मीठ कमी होतं म्हणाली.

सासरी गेल्यावर पहिला पगार झाला, त्या दुपारी ऑफिसातून आईला फोन लावला. मागे बाजाराचा गलका होता.

"पगार झाला," मी म्हटलं.

"कापला काय कुनी?"

"नाही. अख्खा हातात आला."

 ती म्हणाली, "बरं. सासूला पयलं सांग." आणि फोन चालू ठेवूनच गिऱ्हाइकाला हाक मारू लागली.