बैठकीत ठरलेली तब्येत

तनुजाला काय होतंय हे तनुजालाच धड सांगता येत नव्हतं, तिथं दुसऱ्यांनी काय समजून घ्यायचं? ताप असता तर कपाळाला हात लावून कळला असता. पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. हिचं सगळं जागच्या जागी होतं. वजन तेवढंच, रंग तोच, जेवणही बरं. फक्त सकाळी डोळे उघडायची तेव्हा ती झोपताना होती त्याहून जास्त दमलेली असायची.

माहेर पिशोरचं. वडील साहेबराव गावातले मानाचे शेतकरी, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातल्याशिवाय घराबाहेर न पडणारे. लेकीला त्यांनी बी.ए. केलं आणि शहरात दिलं. पुंडलिकनगरातल्या दोन खोल्या, वर गच्ची. नवरा गोकुळ चितेगावच्या एका कारखान्यात मशीनवर होता. स्वभावानं गरीब, कुणाला उलटून बोलणार नाही आणि कुणाच्या बाजूनंही बोलणार नाही. सासरे नव्हते. सासू द्वारकाबाई होत्या, आणि श्रेया, पाच वर्षांची.

लग्नानंतर तनुजा गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. अक्षर वळणदार, आवाज मऊ, त्यामुळे मुलं तिच्याकडे हट्टानं यायची. श्रेया दोन वर्षांची झाली त्या सुमाराला हे दमणं सुरू झालं, आणि सगळ्यात आधी शिकवणी सुटली. मग गच्चीवरचं वाळवण सुटलं. मग हसणं. नळाला आठवड्यानं पाणी यायचं. त्या दिवशी पिंपं भरून झाली की ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहायची आणि उठायचं कसं हेच तिला आठवायचं नाही. श्रेयाची वेणी घालताना तीन पेड हातात धरून थांबायची.

"मम्मी, घाल ना."

"घालते हं," म्हणायची. डोळ्यांतून पाणी यायचं, ते कशाचं हे तिलाही ठाऊक नसायचं.

द्वारकाबाई दुष्ट नव्हत्या. सून झोपलेली असली तर भाकरी झाकून ठेवायच्या. पण तोंड त्यांना आवरत नसे.

"माय, आमच्या येळंला असं थकायला टाइमच नव्हता," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. "गोकुळ झाला आन् महिन्याच्या आत मी कापूस वेचायला. झाडाला झोळी बांधायची आन् ओळीला लागायचं. आता बटण दाबलं की मिक्सर फिरतो, तरी हात दुखायलेत."

त्यांचं म्हणणं खरं होतं. खोटं असतं तर तनुजाला राग तरी आला असता.

एके दिवशी श्रेया दारात बाहुली घेऊन खेळत होती. बाहुलीला तिनं पाटावर निजवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. शेजारची पोरगी म्हणाली, "अगं, तू मम्मी आहेस ना? मग डबा कर."

"मम्मी अशीच असते," श्रेया भिंतीकडे पाहत म्हणाली. "आता बोलू नको. मला लई थकवा आलाय."

हे ऐकलं आणि तनुजा स्वतःहून गोकुळला म्हणाली, "मला दवाखान्यात न्या."

गारखेड्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. रक्त, साखर, थायरॉईड, पोटाची सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. गोकुळ इतका खूश झाला, की येताना जिलेबी घेऊन आला. द्वारकाबाईंनी देवापुढे ठेवली आणि जिलेबीचा तुकडा तोंडात टाकत म्हणाल्या, "मी म्हणतच व्हते, काय बी नाय तिला."

तनुजानं जिलेबी खाल्ली नाही. आजार निघाला नाही म्हणून रडू यावं, ही गोष्ट कुणाला सांगायची? काहीतरी निघायला हवं होतं. नाव असलेलं, गोळी असलेलं.

ती गोकुळला घेऊन पुन्हा गेली. डॉक्टरीणबाईंनी या वेळी कागद बाजूला ठेवले आणि नुसतं ऐकून घेतलं. "तुमचं दमणं खोटं नाही," त्या म्हणाल्या. "रक्तात दिसत नाही म्हणून ते नसतंच असं नाही. मनाचे डॉक्टर असतात, माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना दाखवा. औषधानं, बोलण्यानं बरं होतं हे. घरात कधी कुणाला असं झालं होतं का? आईकडे, वडिलांकडे?"

तनुजाला गयाआत्या आठवली. वडिलांची थोरली बहीण. चार-चार महिने ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहायची, कुणाशी बोलायची नाही, आणि मग एखाद्या सकाळी उठून सगळ्यांच्या आधी अंगण झाडायची. लहानपणी तिच्यापुढे ताट नेऊन ठेवायचं काम तनुजाकडे होतं. हे सगळं तिनं सांगितलं. सांगताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. शेजारी बसलेला गोकुळ मान हलवत होता. मनाच्या डॉक्टरांकडची पुढच्या मंगळवारची वेळ ठरली, दोघंही जा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गोकुळच्या मनात काही नव्हतं. त्याच्या मनात काही नसतं, म्हणूनच पोटात काही राहत नाही. रात्री जेवताना त्यानं आईला जे घडलं ते सगळं सांगितलं, मनाच्या डॉक्टरसकट, गयाआत्यासकट.

द्वारकाबाईंचा घास हातात राहिला. "म्हंजी घराण्यातच हाय म्हण की."

"तसं नाही आई, डॉक्टर विचारतेतच ते."

"इचारतेत तर इचारू दे. लग्नाच्या टायमाला आपल्याला कुणी सांगितलं व्हतं का?"

ज्यानं सोयरीक जमवली, गाऱ्हाणं त्याच्याच दारात न्यायचं, ही रीत. सोयरीक तात्यासाहेबांनी जमवली होती. दोन्हीकडचे नातेवाईक, धोतरातले म्हातारे गृहस्थ, अनेक घरांची लग्नं त्यांच्या शब्दावर उभी होती. द्वारकाबाईंनी सकाळी त्यांना फोन लावला, आणि रविवारी बैठक ठरली. तनुजाला एवढंच सांगण्यात आलं, की माणसं येणार आहेत, पोहे जरा जास्त भिजव.

रविवारी साहेबराव पिशोरहून गाडी करून आले. द्वारकाबाईंचे भाऊ सांडूमामा आधीच येऊन पंख्याखालची जागा धरून बसले होते. तात्यासाहेब मधोमध. बायका आत. आत म्हणजे तनुजा ओट्यापाशी आणि द्वारकाबाई दाराच्या चौकटीत, अर्ध्या बाहेर.

चहा झाला. पाऊसपाणी झालं. मग सांडूमामांनी सुपारी तोंडात टाकली.

"पाव्हणं, बैल घेताना माणूस दात तरी बघतो. आम्ही नुसती तात्यांची जबान बघितली."

"सांडू, जीभ आवर," तात्यासाहेब म्हणाले. "घरची सून आहे ती."

"सून हाय म्हणूनच बोलायलोय. बाहेरची असती तर मला काय?"

साहेबराव रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढले. गोकुळकडून मोबाइलवर मागवून तालुक्याच्या गावी, कन्नडला, छापून घेतलेले सगळे रिपोर्ट. चष्मा लावला आणि सातबारा वाचावा तसे ते एकेक ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. "थायरॉईड, नॉर्मल. साखर, नॉर्मल. हे यकृताचं असतं, नॉर्मल. बघा, डॉक्टरची सही आहे. माझी लेक ठणठणीत आहे. दुखणं लपवून पोरगी देणारं घर नाही आमचं."

"मग दिसभर झोपून कामून राहती?" द्वारकाबाई दारातून बोलल्या.

साहेबरावांनी कागद मांडीवर ठेवले. मग आवाज उतरवून म्हणाले, "विहीणबाई, आळस म्हणा. लाडात वाढली, आमचीच चूक. आळसाला मी बोलतो तिला. पण आजार म्हणू नका."

आत ओट्यापाशी तनुजानं पोह्यांच्या बशा पुसायला घेतल्या. पुसलेल्याच पुन्हा पुसल्या. तिचा बाप तिच्यासाठी भांडत होता. इतक्या पोटतिडिकीनं तो आजवर कुणासाठी भांडला नव्हता, आणि तिला काही झालेलं नाही हे सिद्ध करायलाच तो एवढ्या लांबून आला होता.

"आन् त्या गयाबाईचं काय?" सांडूमामा.

"गया माझी बहीण. तिचा मालक गेला, त्या दुःखानं बसायची. कोण बसणार नाही?"

गयाआत्याचे यजमान नंतर गेले होते. ती त्याच्या कितीतरी आधीपासून बसत होती. हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं. एक बैठकीत होते आणि एक ओट्यापाशी.

तात्यासाहेब न्यायाचे गृहस्थ होते. "आपण उगी तर्क कशाला करायचा? पोरीला बोलवा. तिलाच विचारू."

तनुजा डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. श्रेया तिच्या मागोमाग येऊन पायाला बिलगली.

"ये बाई, बस. घाबरू नको," तात्यासाहेब खरोखर मायेनं म्हणाले. "आम्ही सगळी तुझीच माणसं. सांग, तुला काय होतंय?"

इतकी वर्षं या प्रश्नाची तिनं वाट पाहिली होती. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते कागदांच्या कडा जुळवत होते. धाकटी बहीण प्रेरणा, तिच्या लग्नाची बोलणी कन्नडच्या एका घरात चालली होती, आणि तिथंही मध्यस्थ हेच तात्यासाहेब. आता इथं 'होतंय' म्हटलं, की संध्याकाळपर्यंत ते कन्नडला पोचणार होतं. तिनं गोकुळकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. 'मंगळवारी बोलावलंय, जाऊन येऊ,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. तो सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत होता.

"काही नाही, तात्या," ती म्हणाली. "श्रेया झोपू देत नाही रात्रीची. त्यानं दमायला होतं. मी बरी आहे."

"मी झोपते की," श्रेया म्हणाली. "मम्मी, मी तर झोपते."

सगळे हसले. सांडूमामा तर सुपारी अडकेपर्यंत हसले. "वकील होणार ही पोरगी," म्हणाले. बैठकीतला ताण गेला. साहेबरावांनी रुमालानं मान पुसली.

"मिटलं मग," तात्यासाहेब म्हणाले. "आता त्या डोक्याच्या डॉक्टरकडं कुणी जाऊ नका. एकदा पायरी चढली की वेडी म्हणून नाव पडतं, मग ते पुसलं जात नाही. पोरीला वाटलं तर चार दिवस माहेराला धाडा, विसावा होईल."

तनुजानं मान वर केली.

"आत्ता नको," साहेबराव घाईनं म्हणाले. "प्रेरणाचं चाललंय. थोरली घरी येऊन बसली की लोकांना कारण लागतं. दिवाळीला येईल, रीतीनं."

सगळ्यांनी पोहे खाल्ले. चांगले झाले होते, द्वारकाबाईंनीही तसं म्हटलं.

साहेबराव निघाले तेव्हा तनुजा गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेली. ड्रायव्हर गाडी वळवून घेत होता. साहेबरावांनी श्रेयाच्या हातात नोट ठेवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तोच हात लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"तनू," ते हळू म्हणाले. "खरंच बरी आहेस ना गं?"

"तुम्हीच तर वाचून दाखवलं, अण्णा."

साहेबरावांचा हात खाली आला. तेवढ्यात मागून एका रिक्षानं हॉर्न दिला, तसे ते 'चला, रस्ता अडलाय' असं पुटपुटत गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "घरी आईला काय सांगू?"

"बरी आहे म्हणा."

घरात आली तेव्हा गोकुळ बैठकीची सतरंजी झटकत होता. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. "मिटलं ना शेवटी," तो म्हणाला. "मला तर धास्तीच होती."

"मंगळवारी जायचंय डॉक्टरांनी सांगितलेल्या ठिकाणी."

"आता कसं जायचं?" त्याला खरंच नवल वाटलं. "चारचौघांत तूच म्हणलीस ना, बरी आहे म्हणून. तात्यांना कळलं तर काय तोंड दाखवायचं? राहू दे आता. रिपोर्ट चांगलेच आहेत की."

त्यानं सतरंजीची नीट घडी केली, कोपरे जुळवून, आणि कपाटावर ठेवली.

स्वयंपाकघरात द्वारकाबाई स्वतः कप विसळत होत्या. आज त्यांच्या आवाजात बोच नव्हती. वाद संपला की त्या मनातही काही ठेवत नसत. "घे, चहा घे आधी, तुझा राहिलाय," म्हणत त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. "मी बी जरा जास्त बोलले आसंन. जाऊ दे. आता बरी हायेस तर उद्या उडदाचं पीठ भिजवू. दोन वर्सं झाली, घरचे पापड नाहीत. आन् त्या शिकवणीच्या पोरांना बी सांगून ठेव, यायला लागा म्हणावं."

"हो," तनुजा म्हणाली.

चहा निवला होता. तिनं तो उभ्यानंच प्यायला आणि उडदाच्या पिठाचा डबा कुठल्या फळीवर आहे ते विचारलं.