पत्र्यांच्या दुकानातली रांग

वादळ होऊन गेलं आणि आमच्या तक्त्यावर रत्नागिरी जिल्ह्याच्या खर्चाची रेघ आधी तळाला गेली, मग एकदम वर चढली.

मी मुंबईतल्या एका कंपनीचं काम पूर्णगडच्या घरी बसून करते. दुकानांत लोक कार्डाने पैसे देतात, त्याची माहिती नावं काढून आमच्याकडे येते. त्यावरून कुठल्या जिल्ह्यात लोक कशावर खर्च करतायत, हे सांगायचं. आई बंदरावर मासळी घेते आणि वाड्यांमध्ये फिरून विकते. तिचा सगळा व्यवहार रोखीचा, त्यामुळे तो माझ्या तक्त्यात कधी आलाच नाही.

वादळात आमच्या माजघरावरची कौलं उडाली. वीज गेली, फोन गेले, दुकानांतली कार्डाची मशीनं बंद पडली. रेघ तळाला गेली ती तेव्हा. वीज आली तशी मी रत्नागिरीत पत्रे आणायला गेले. कौलं कुठेच मिळत नव्हती. पत्र्यांच्या दुकानाबाहेर रांग, आणि एटीएममध्ये पैसे नाहीत, त्यामुळे जो तो कार्ड काढत होता. माझ्यापुढे एक आजोबा होते. मुंबईच्या मुलाचं कार्ड त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं. आकडा ऐकून ते दुकानदाराला म्हणाले, "गोठ्याचे पत्रे काढ. घरापुरतेच दे."

घरी आले तर आई अंगणात ओल्या गाद्या उलटत होती. "मिळाले काय गो?" तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि ओट्यावरच आडवी झाले.

काम सुरू झालं. आमच्या वर्गवारीत पत्रे, सिमेंट, रंग, पडदे सगळं एकाच सदरात, 'गृहसजावट' म्हणून. मुंबईहून माझ्या वरिष्ठ मॅडमचा फोन आला. आवाज आनंदी होता.

"कोकणात मागणी काय वाढलीय! लोक घरं सजवायला लागलेत. अहवालात हेच वर घेऊ."

"मॅडम, ती छपरं आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"लोकांची छपरं उडाली. त्यातले काही पैसे माझ्याच कार्डावरचे आहेत. आत्ता बोलतेय तर डोक्यावर ताडपत्री आहे."

 त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू सांगितलं का नाहीस? सुट्टी घ्यायचीस ना."

 सांगायचं तरी काय काय, असं झालं होतं.

"सदराचं नाव मला बदलता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण खाली टीप लिही. मी ती काढू देणार नाही."

मी टीप लिहिली. वादळानंतरच्या दुरुस्तीचा खर्च, लोकांनी हौसेने केलेला नव्हे, एवढंच. ती छापून आली, अगदी बारीक अक्षरांत. वरचा मथळा मात्र मागणी वाढल्याचाच होता. तो मॅडमच्याही हातात नव्हता.

आईला मी ते वाचून दाखवलं. ती कोयती धुवत होती. "आपला खर्च वाढला, ह्या त्यांका बरा वाटला?" तिने विचारलं. मी समजावायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

पुढच्या महिन्यात रेघ पुन्हा खाली आली. मॅडमनी विचारलं, "आता काय झालं?"

"झाली छपरं," मी म्हटलं, "ज्यांना जमली त्यांची."