पोस्टकार्डाची पट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण आधीच बजावते — मला समजून घ्या, असं मी म्हणणार नाही.

आमचे हे मद्रासला, गिंडीतल्या एका लहान कारखान्यात फिटर होते, मूळचे साताऱ्याचे. मी तंजावरकडच्या मराठी घरातली, जन्म मद्रासचाच. सैदापेटच्या शाळेत तिसरीला गणित शिकवायचे — तमिळमधून. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट.

यांनी भंगारातून एक छोटं इंजिन जुळवून सायकलच्या मागच्या चाकावर बसवलं होतं. पायडल मारत वेग घ्यायचा, क्लच सोडायचा, की फटफट सुरू. त्या इंजिनाचा मला राग होता का? छे! त्याचे स्क्रू मीच आवळायचे. कुठला पाना कधी हातात द्यायचा, हे यांनी मला सांगावं लागत नसे.

पुण्याच्या एका कारखान्याचे साहेब कामानिमित्त गिंडीत आले. इंजिनाची हकिकत ऐकून यांना म्हणाले, उद्या सकाळी नऊला चालवत घेऊन ये, चाललं तर पुण्यात नोकरी पक्की. दुपारच्या गाडीने साहेब परत जाणार होते. यांची आई साताऱ्याला एकटी, गुडघ्यांनी अधू. पुण्याहून दर रविवारी जाता येईल, असं त्या दिवशी घरी आल्यापासून यांनी तीनदा म्हटलं असेल.

आणि मी? लग्नानंतर एकदा साताऱ्याला गेले होते. माझं तमिळ वळणाचं मराठी ऐकायला नणंद शेजारणींना बोलावून आणायची — वहिनी, परत बोला ना. पण त्याचं दुःख पुढे करून मी सुटू पाहत नाही. खरं ते एवढंच — मला माझी शाळा सोडायची नव्हती. तमिळमधून गणित शिकवणारी बाई पुण्यात कुणाला हवी होती? मग तसं तोंडाने का नाही म्हटलं? कारण म्हटलं असतं तर हरले असते. आणि मला हरायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी यांनी इंजिनाच्या झाकणाखालचे ठिणगीचे पॉइंट साफ केले. पोस्टकार्डाची पट्टी कापायची, पेट्रोलमध्ये बुडवायची आणि दोन पॉइंटांच्या फटीतून ओढायची, ही यांची रीत. ती पट्टी आत राहिली तर ठिणगी पडत नाही, हेही मला यांनीच शिकवलेलं. साफ करून हे हात धुवायला गेले, जाताना म्हणाले, झाकण लाव. मी लावलं — पट्टी परत पॉइंटांत सरकवून.

सकाळी इंजिन ढिम्म. प्लग काढला, पुसला, दुसरा घातला. पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. वायर बदलली. घरमालक ओसरीवरून विचारत होते, "एन्ना सार, स्टार्ट आगलैया?" — काय साहेब, सुरू होत नाही का? हे घामाने भिजलेले. मी शेजारी उकिडवी बसून पाने देत होते — बरोबर तेच, बरोबर त्याच वेळी.

"ठिणगीच नाही गं," हे म्हणाले. "पॉइंट तर कालच साफ केलेत. तिथं काही नसणार ना?"

मी म्हटलं, "नसणार."

कॉइल जळली असं धरून हे साडेनऊला बंद इंजिनासकट पायडल मारत गेले. ज्याला आपलं इंजिन सुरू करता येत नाही त्याला मी काय नेऊ, असं साहेब चारचौघांत म्हणाले आणि स्टेशनला निघून गेले. दुसऱ्या दिवशी कॉइल काढायला झाकण उघडलं, तर पट्टी. हे कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. झाकण कुणी लावलं होतं, हे यांना आठवत नसेल? यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही.

शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. ती खुर्ची मला आवडायची, अजून आठवते. पुन्हा ती संध्याकाळ आली तरी मी पट्टी सरकवीन. पश्चात्तापाने झोप उडाली वगैरे काही झालं नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

त्यानंतर दोन वर्षांनी साताऱ्याहून तार आली. आम्ही पोचेपर्यंत सासूबाईंना अग्नी देऊन झाला होता — चुलतदिराने दिला. यांच्या आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती रे, पुण्याला येणार म्हणून लिहिलं होतंस ना? हे मान खाली घालून म्हणाले, "माझीच चूक, आत्या. पट्टी काढायची विसरलो."

मी तिथेच, यांच्या मागे उभी होते. बोलले नाही. त्यानंतर हे एकोणीस वर्षं जगले. तेव्हाही मी बोलले नाही.