बर्फातला खडा

मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "आजी, आम्ही मुद्दाम दमायचो, हे आजोबांना कळलं होतं का गं? त्यांना वाईट वाटलं असेल का?" आणि उत्तर द्यायचं सोडून मी तुला जेवण झालं का ते विचारलं. तू बिचारी काय जेवलीस ते सांगत बसलीस. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं. मधेच रडू आलं असतं आणि तिकडे तुम्ही दोघं घाबरला असता. म्हणून लिहिते आहे. धाकटा मराठी वाचताना अडखळतो, तर त्याला तू वाचून दाखव.

सुरुवातीपासून सांगते, कारण काही गोष्टी तुम्हाला तिकडून दिसत नव्हत्या.

तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ असायची आणि आमच्याकडे जळगावात रविवारची सकाळ. तुमचे आजोबा अंघोळ, पूजा, चहा उरकून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसत. लॅपटॉप मी आधीच लावून ठेवलेला असे. डाव्या हाताला पाण्याचा तांब्या, उजव्या हाताला चष्मा पुसायचं फडकं, आणि हेडफोन भिंतीवरच्या खिळ्याला. खेळ झाला की तो पुन्हा त्याच खिळ्याला लागला पाहिजे, हा माझा नियम. तुमचे आजोबा तो दर रविवारी मोडायचे.

तुमचा खेळ बर्फाच्या डोंगरातला. तिघांनी मिळून सामानाची गाडी ओढत वादळाच्या आत वरच्या झोपडीपर्यंत पोचायचं. बाहेर वैशाखात रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, खिडकीत कूलर घुरघुरतोय, आणि हे एका कानटोपीवाल्या माणसाला बर्फातून चालवत बसलेले. मला पहिल्यांदा फार हसू आलं होतं.

मग मी तुला विचारलं होतं, आठवतं? कुणाच्या अंगात किती ताकद उरली हे कळतं कसं, आकडा कुठे असतो? तू म्हणालीस, "आजी, या खेळात आकडा नसतो. बघायचं आणि ऐकायचं." आणि तू मला ते इतकं नीट समजावलंस की मला माझ्या शाळेतले दिवस आठवले. आधी माणसाच्या तोंडातून वाफ भराभर यायला लागते. मग खांदे उतरतात. पाय उचलून टाकणारा माणूस पाय ओढायला लागतो, बर्फातला आवाजच बदलतो. पडद्याच्या कडा काळवंडतात, रंग फिके होतात. छातीची धडधड ऐकू येते, पण ती ज्याची त्यालाच. धाप मात्र सगळ्यांना ऐकू येते. माणूस डावीकडे असेल तर डाव्या कानात, मागे असेल तर मागून.

"आणि मग काय करायचं?" मी विचारलं.

"थांबायचं. त्याला एकटं टाकून पुढे गेलं तर तो पडतो. आणि जवळ जाऊन बसलं ना, तर त्याचा दम लवकर परत येतो."

मी म्हटलं, खेळ करणारा माणूस शहाणा दिसतो.

तुमच्या आजोबांची छाती कशी होती हे तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. सगळी नोकरी जिनिंगमध्ये गेली. कापसातून सरकी काढताना उडणारं तूस नाकातोंडात जायचं, घरी आले की भुवयासुद्धा पांढऱ्या दिसायच्या. त्यातूनच पुढे छातीचं दुखणं जडलं. पण थकलो हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नव्हता, आणि त्यांच्या वडिलांच्याही नव्हता. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी चपला काढायच्या आत त्यांनी मला बजावलं, "पोरांना सांगायचं नाही."

"का नाही? मोठी झाली आहेत ती."

"सांगितलंस की ती खेळणार नाहीत. विचारपूस करतील. मला विचारपूस नको, खेळायला माणसं हवीत."

माझा नाइलाज झाला. मग बोलून झालं की ते हेडफोनच्या माइकवर तळवा ठेवायचे आणि तोंड फिरवून श्वास घ्यायचे. तुम्हाला वाटायचं, आजोबा विचार करताहेत.

थंडीत घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते अखंड घरघरतं. पहिल्याच रविवारी धाकट्याने विचारलं, "आजोबा, कसला आवाज येतोय?"

"कूलर आहे रे."

"डिसेंबरमध्ये कूलर?"

"जळगाव आहे बाबा हे. आमच्याकडे कूलरला सुटी नसते."

धाकटा हसला. तू हसली नाहीस. तू नंतर मला सांगितलंस ते हे, की खेळातल्या माणसाची धाप एका ठेक्यात असते आणि तो बसला की थांबते. पण आजोबांचा माणूस छान ताजातवाना उभा असायचा, खांदे वर, रंग लख्ख, आणि तरी तुझ्या कानात कुणीतरी धापा टाकतच असायचं. तिथे तुला कळलं. आणि तू कुणाला काही विचारलं नाहीस. आम्हालाही नाही आणि तुझ्या बाबांनाही नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी टेबलाशी मटार सोलत बसले होते. पडद्यावर बघते तर तुमची दोन्ही माणसं गाडीभोवती गोल गोल पळताहेत. सामान पडलंय, वादळ येतंय आणि ही पळताहेत! मला वाटलं, वात्रटपणा चाललाय. तेवढ्यात दोघंही वाकली, गुडघ्यांवर हात, तोंडातून वाफांचे लोट.

"आजोबा, थांबा! माझ्या माणसाला दम लागला."

"माझ्यापण! मी तर मरतोच आता."

"अरे, आत्ता तर बसून उठलो आपण. कसली रे तुमची माणसं, पाव खाऊन वाढलेली!"

"आजोबा, प्लीज. बसू या ना थोडं."

तुमचे आजोबा पडद्याकडे बघत राहिले. मग तळवा माइकवर न ठेवता, सावकाश म्हणाले, "बसा. काढ तो खडा. घाई काय शे?"

"कोणता खडा? इथे सगळा बर्फ आहे, आजोबा!"

"असतो. बर्फातपण असतो."

धाकट्याला ती गंमत वाटली. नंतर बरेच दिवस तो मला 'काय शे, काय शे' करत होता. पण माझा मटार सोलायचा हात थांबला होता. त्या खड्याची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेलीच नाही.

माझं माहेर धुळ्याचं. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, लग्न होऊन पारोळ्याच्या पुढच्या खेड्यात आले तेव्हा मला सासरची अहिराणी धड कळायची नाही. चैत्रात सगळं घर टेकडीवरच्या देवीला जायचं. पुढे तुमच्या आजोबांचे वडील, म्हणजे आबा, हातात काठी. त्यांच्या पुढे कुणी जायचं नाही आणि त्यांना थकलात का असं विचारायचं नाही, ही त्या घरची रीत. चढ मोठा होता आणि आबांचं वय झालं होतं. थोडं चढलं की तुमचे आजोबा मधेच पायरीवर बसायचे आणि चप्पल काढून झटकायचे.

आबा मागे वळून बघायचे. "काय रे, परत खडा?"

"हा आबा. बठ्ठा खडा मन्हाच चप्पलमा येतस." सगळे खडे म्हणे यांच्याच चपलेत!

"काढ तो खडा. घाई काय शे?" असं म्हणत आबाही टेकायचे. सदरा पाठीला चिकटलेला असायचा. पोरासाठी थांबल्यासारखं दाखवून चांगला दम खाऊन घ्यायचे आणि मग उठताना पोरालाच पाय शहरी झाल्याचा टोमणा, "शहरना पाय व्हई ग्यात तुन्हा."

मला यातलं काही कळलं नाही. मी आपली सरळ विचार करणारी. पुढच्या वर्षी धुळ्याहून येताना नवऱ्यासाठी नाडीचे चांगले बूट घेऊन आले. बुटात खडा जात नाही. त्यांनी मुकाट्याने घातले. आणि टेकडीवर निम्म्या चढाला बसून, नाडी सोडून, बूट उलटा करून झटकला. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आते ते बूटमा बी खडा जावाले लागनात!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

या गोष्टीचा तुमच्या आजोबांना फार अभिमान होता. आबा गेल्यावर कितीदा तरी म्हणाले असतील, "मी इतकी वर्षं खडा काढला, पण आबांना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही."

तर त्या रविवारी खेळ संपला. तुमचा निरोप घेऊन त्यांनी हेडफोन काढला आणि टेबलावरच ठेवला. मीच तो उचलून खिळ्याला लावला. ते पाणी प्यायले. माझ्यासमोरच्या वाटीतले दोन मटार उचलून हातात धरून बसले, खाल्ले नाहीत. डोळे भरले होते.

मग म्हणाले, "अगं, आबांना कळत होतं."

एवढंच. 

त्यानंतर फार रविवार मिळाले नाहीत. शेवटच्या खेपेला ते पलंगावरच होते, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. बोलायचं बळ नव्हतं, तुम्हाला मी सांगितलं की घसा बसलाय. त्यांचा माणूस मात्र पडद्यावर ताठ उभा होता. चाललाच नव्हता, तर दमणार कुठून? आणि तुम्ही दोघं त्याच्यासमोर पळून पळून वाकून उभे, धापा टाकत. त्या दिवशी तुम्ही फारच दमलात. मी बघत होते. त्यांनी एका बोटाने आपल्या माणसाला हळूहळू चालवत नेलं आणि तुमच्या दोघांच्या मधे बसवलं. जवळ बसलं की दम लवकर परत येतो, हे मला तेव्हा आठवलं. तुमच्या धापा थांबेपर्यंत त्यांनी त्याला हलवलं नाही. पुढचा रविवार उजाडला तो त्यांच्याशिवाय.

तर उत्तर असं आहे. कळलं होतं. पहिल्याच दिवशी.

वाईट वाटलं का, हे मात्र मी ठामपणे सांगू शकत नाही. थोडं वाटलंच असेल. इतक्या कष्टाने लपवलेलं दोन पोरांनी ओळखावं, आणि ओळखून गप्प बसावं! मला खात्रीने माहीत आहे तेवढंच सांगते. खड्याच्या त्या दिवसानंतरच्या रविवारी मी उठायच्या आत ते अंघोळ करून टेबलाशी येऊन बसले होते. मशीनची नळी नाकाला तशीच, केस विंचरलेले, धुतलेला सदरा. माझा अजून चहाही टाकून झाला नव्हता आणि हे बाहेरून ओरडताहेत, "अगं, हेडफोन कुठे ठेवलास? पोरं वाट बघत असतील."

हेडफोन नेहमीच्या खिळ्यालाच होता. अजून तिथेच आहे.